विचारलं म्हणून सांगितलं

आटपाडीच्या स्टँडवरून मी साताऱ्याच्या एसटीत बसले, तेव्हा सागर त्याच गाडीत माझ्या पुढं दोन सीट सोडून बसला होता. वडूज येईपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तसं आमचं ठरलंच होतं. गाडीत आमच्या गावची माणसं होती आणि खिडकीबाहेर माझे आई-तात्या उभे होते. तात्यांनी माझी वळकटी सीटखाली सारली, गाडी हलल्यावर खिडकीचा गज धरून थोडं चालले आणि म्हणाले, "पुस्तकाबरूबर भाकरी बी खात जा." आईनं पदर तोंडात धरला होता. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्या दिवशी नेमकं काय चाललंय हे तिघांपैकी कुणालाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून बोलणं शहाण्यासारखं भाकरीपाशीच थांबलं.

वडूजला गाडी चहाला थांबली, गावची माणसं टपरीकडं गेली. सागर उतरला, बाहेरून माझ्या खिडकीखाली आला आणि गरम भज्यांचा कागद वर दिला. "तू शीक पूनम. मी तिकडं बस्तान बसवतो. मग गाव काय म्हनतंय त्ये बगू," म्हणाला. एवढंच सांगायला तो निम्म्या वाटेपर्यंत आला होता. समोरून आटपाडीची गाडी आली, तिच्यात बसून तो परत गेला. मी भजी साताऱ्यापर्यंत पुरवून खाल्ली. त्याच महिन्यात तोही निघाला, सेलमला, मामाच्या गलाईच्या दुकानात.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या माळावर पाऊस कमी, म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळायला परमुलखात जातात. मोडीत आलेले दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून चोख सोनं वेगळं काढायचं, याला आम्ही गलाई म्हणतो. दक्षिणेत कुठल्याही सराफ बाजारातल्या एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. तो वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला गावी येतो. त्या आठवड्यात गावात परराज्यांच्या नंबरच्या गाड्या उभ्या राहतात, मोठमोठ्या बंगल्यांची कुलपं निघतात, गच्च्यांवर दिव्यांच्या माळा लागतात. बाकी वर्षभर त्या बंगल्यांत कबुतरं नांदतात.

ते बंगले बांधले माझ्या तात्यांनी. तात्या गवंडी. सागरच्या घरच्यांचा बंगला उभा राहिला त्या वर्षी मी बारावीत होते. नव्या भिंतींना पाणी मारायला मी संध्याकाळी जायची. मालकाचा मुलगा म्हणून सागर पाइप धरायचा. खरं तर पाइप धरायला दुसऱ्या माणसाची गरज नसते, हे दोघांनाही कळत होतं. असं आमचं जुळलं. वरच्या मजल्यावरची पूर्वेची खोली दाखवून तो म्हणायचा, "ही आपली." त्या खोलीचं प्लास्टर तात्यांना दोनदा करावं लागलं, कारण सागरच्या आईला, म्हणजे शालनकाकींना, एक कोपरा वाकडा दिसला. कोपरा सरळ होता. पण भावी सासूबाई म्हणून मी तात्यांच्या वतीनं तेही मनातल्या मनात सोसलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे मान्य करते. दुपारी जेवणानंतर तो दुकानाच्या जिन्यावर बसून फोन करायचा, मागं गॅसच्या बर्नरचा घुंऽऽ आवाज. मी बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतं आणि तो दिवसभर तेजाबात. आमच्याइतकं आम्लांवर बोललेलं जोडपं अख्ख्या साताऱ्यात नसेल. मी सांगायची, तो तपकिरी धूर निघतो ना, तो छातीत घेऊ नको, दार उघडं ठेव, तोंडाला ओला रुमाल बांध. मग त्याचा फोटो यायचा, तोंडाला रुमाल, वर दोन हसरे डोळे आणि खाली लिहिलेलं, "बाई, बांधलंय. आता मार्क द्या." मी मेसमध्ये एकटीच हसायची. कऱ्हाडची माझी रूममेट विचारायची, "कोण गं, भाऊ का?" मी म्हणायची, "भाऊच." तीही हसायची. तिलाही असाच एक भाऊ होता.

आमचं प्रेम एका दिवसात मेलं असतं तर मी आज एवढी चिडून लिहायला बसले नसते. ते ओसरलं, आमच्याकडच्या विहिरीसारखं. रोज डोकावलं तर पाणी तेवढंच वाटतं, आणि एखाद्या दिवशी बादली खडकावर आपटते.

तो सगळ्याला "सरी, सरी" म्हणायला लागला. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'बरं, बरं'. मी सांगायची, प्रॅक्टिकलमध्ये पहिली आले. "सरी." मी सांगायची, दोन दिवस ताप आहे. "सरी, सरी." इकडं मीही बदलत होते. हॉस्टेलवर 'आमी', 'न्हाई' म्हटलं की मुली हसायच्या, म्हणून मी जीभ वळवून घेतली होती. ती त्याच्याशी बोलतानाही तशीच वळलेली राहायला लागली. एकदा तोंडातून "ॲक्च्युअली" निघालं. तो म्हणाला, "आता ॲक्च्युअली काय? म्हंजे मगापासनं खोटं बोलत हुतीस व्हय?" पहिल्या वर्षी यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कुणीच हसलं नाही, आणि फोन कुणी ठेवला तेही आठवत नाही. मी बोलायची पद्धत बदलली, हे खरं. दिलेला शब्द बदलला नव्हता.

दुसऱ्या यात्रेला माझी परीक्षा चालू होती. तरी एका संध्याकाळपुरती मी साताऱ्याहून आले, उभ्यानं, कारण यात्रेच्या गाडीला जागा कुठली. सागर देवळापुढच्या पारावर गलाईवाल्या पोरांत बसला होता. पांढरा शर्ट, गळ्यात चेन. हॉटेलवाला त्याला "शेठ" म्हणून चहा देत होता. मला बघून तो सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "काय पूनम, साताऱ्याची हवा मानवलेली दिसती!" पोरं हसली. त्याच्याशी एकटीनं बोलायला मिळेल म्हणून मी देवळाला चार वेळा प्रदक्षिणा घातल्या. तो उठला नाही. वडूजपर्यंत मागं वळून न बघणारा सागर मला पारावरच्या या सागरपेक्षा कितीतरी जवळचा होता.

पुढं मी पुण्याला आले, मसाल्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. हळदीत, तिखटात भेसळ आहे का ते मी बघते. सांगलीची हळद मशीनला लावायच्या आधी मी वासावरून ओळखते, आणि वरिष्ठांना मशीनचा रिपोर्ट दाखवते, कारण वासावर पगार मिळत नाही. सागरचे फोन तोपर्यंत थांबले होते. रोज सकाळी गुलाबाचं चित्र यायचं, वर तमिळ अक्षरं. मला तमिळ वाचता येत नाही. त्यालाही येत नव्हतं. दोघांनाही न कळणारं प्रेमपत्र रोज सकाळी मिळत होतं, आणि मीही त्यावर अंगठा पाठवत होते. दोन माणसं लांब लांब राहून वेगळी होतात ती अशी होतात. भांडण झालं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

एका दुपारी कँटीनमध्ये डबा उघडला आणि फोनवर त्याचं स्टेटस बघितलं. कपाळाला कुंकू, डोक्याला फेटा, शेजारी एक नटलेली मुलगी. विट्याच्या हॉलमध्ये सुपारी फुटली होती. मुलीच्या वडिलांचं सेलमला स्वतःचं दुकान होतं, हे नंतर कळलं. मी लगेच फोन लावला. त्यानं उचलला, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी विचारलं, "हे काय?"

"अगं, घरच्यांनी ठरवलं. तू बी बिझी असतीस. म्हनलं, तुला कळंलच."

तुला कळंलच. इतक्या वर्षांचा हिशेब त्या माणसानं दोन शब्दांत मिटवला, आणि ते सांगायला स्वतःहून फोनसुद्धा केला नाही. मी डबा झाकला आणि लॅबमध्ये जाऊन सगळे नमुने पुन्हा तपासले. एकही चुकला नव्हता.

त्याचं ते लग्न झालं नाही. मुलीच्या वडिलांना बँकेतला जावई मिळाला, त्यांनी सुपारी मोडली. मी पेढे वाटले नाहीत. पण बातमी कळली त्या दिवशी मी डब्याला शिरा केला होता, आणि तो योगायोग नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही विसरले असते. पण शालनकाकींना लेकाची मोडलेली सुपारी झाकायला काहीतरी हवं होतं, त्यांनी मला पांघरलं. गिरणीत, देवळात, नळावर सांगायला लागल्या, "गवंड्याच्या पोरीच्या नादानं माजं लेकरू थांबलं. ती पुन्याला गेली, तिला तिकडलं वारं लागलं. शिकलेल्या पोरींचं असंच असतंय बाई." गावानं ते लगेच मानलं. सागरही माझ्या मागोमाग, त्याच महिन्यात, माझ्यापेक्षा कितीतरी लांब गेला होता. पण पोरगा सेलमला गेला तर तो धंद्याला जातो, पोरगी साताऱ्याला गेली तर ती गेली.

मग माझ्यासाठी आष्ट्याचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, बोलायला साधा. "तुमच्या कामाबद्दल सांगा," असं मला आयुष्यात पहिल्यांदा एका पुरुषानं विचारलं, आणि मी हळदीवर अर्धा तास बोलले. तो कंटाळला नाही. मला तो आवडला होता, हे इथं लिहायला हरकत नाही. त्यांच्याकडचे दोघंजण रीतीप्रमाणं आमच्या गावात चौकशीला आले. आमच्याकडं लग्न ठरायच्या आधी ही चौकशी होतेच. गावात जाऊन चारचौघांना विचारायचं, मुलगी कशी, घर कसं. यात्रेचे दिवस होते. पानटपरीवर जी चार माणसं उभी होती त्यांत सागर होता.

"पोरगी हुशार हाय," तो म्हणाला. "पन..." आणि तोंडातलं पान या गालातून त्या गालात घेतलं.

"पन काय?"

"आता आमी काय सांगनार? आमच्याच गावची हाय." आणि हसला.

त्यांच्यासोबत आलेल्या मध्यस्थानं हे शब्द जसेच्या तसे तात्यांना येऊन सांगितले. आष्ट्याहून पुन्हा फोन आला नाही. तात्या त्या दिवशी कामावरून सुटल्यावर घरी न येता अर्धवट बांधलेल्या एका भिंतीवर बसून राहिले होते. मी बोलवायला गेले, तर म्हणाले, "चूक माजी न्हाई, तुजी बी न्हाई. मग पोरी, आपुन भरतोय ती कुनाची?" तेव्हापासून मी गावी जाणं कमी केलं. पुण्यात कुणी गाव विचारलं की "सांगलीकडं" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. न जाणो, समोरच्याची कुणाशी ओळख निघायची आणि तो विचारायचा.

गेल्या हिवाळ्यात लॅबमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. "म्याडम, मी रिटायर सुभेदार बोलतोय, वडूजकडचा." माझा नंबर त्यांना आमच्याच कंपनीच्या ऑफिसात असलेल्या त्यांच्या भाच्यानं दिला होता; माझं गाव त्यानं नोकरीच्या कागदांत वाचलं होतं. मुलीसाठी स्थळ बघत होते. मुलगा आमच्या गावचा, गलाईवाला. नाव सांगितलं. सागर.

मी हातातला नमुना बाजूला ठेवला. सुभेदारच बोलत राहिले. "तुमच्या गावात जाऊन आलो. ज्याला इचारावं त्यो म्हनतोय, पोरगं म्हंजे नुसतं सोनं हाय. एकजात समदी तेच. आवं, एवढं चांगलं गाव मी फौजेत काश्मीरपास्नं आसामपतूर फिरलो, कुटं बगितलं न्हाई! तवाच शक आला. म्हनलं, बाहेर ऱ्हानारं शिकलेलं मानूस गाठावं. सीधा बोला म्याडम, पोरगा कसा हाय?"

सुभेदारांचा संशय बरोबर होता. आता आमच्याकडं पोरांना पोरी मिळत नाहीत. तिशी उलटलेली पोरं घरोघर बसलीत. त्यामुळं गावागावांत न बोलता एक करार झालाय: बाहेरचा माणूस चौकशीला आला की आपल्या पोराबद्दल चांगलंच सांगायचं. आज मी तुझ्या पोराचं सांगतो, उद्या तू माझ्या. पोरींबद्दल असा करार कधीच नव्हता.

"थोड्या वेळानं फोन करते," मी म्हणाले आणि आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ती घाबरली. "कुनाचं लगीन मोडू नगं बाई. तळतळाट लागतोय. आनि तात्या आत्ता कुनाचा बंगला बांधतायत, ठावं हाय न्हवं? शालनकाकींच्या दिराचा. काम सुटंल त्यांचं."

"आई, माझं मोडलं तवा कुणाला तळतळाट लागला?"

ती हळू म्हणाली, "तू म्हनशील तसं." माझी आई मला आयुष्यात दोनदाच असं म्हणाली. पहिल्यांदा मी साताऱ्याला जाते म्हणाले तेव्हा.

मी सुभेदारांना फोन केला आणि म्हटलं, मुलगी जवळ असेल तर तिला द्या. "पोरीला?" ते जरा अडखळले. मग "ऋतुजा, ए ऋतुजा" अशी हाक ऐकू आली. मुलीचं नर्सिंग झालेलं, आवाज लहान पण नीट. वडिलांपासून लांब गेल्याचं पावलांवरून कळलं, मग म्हणाली, "ताई, आमी बोलतो फोनवर. बाबांना ठावं न्हाई."

"काय सांगतो तो?"

"सेलमला नेनार म्हनतात. तिकडं नर्सिंगची नोकरी करू देनार. आनि लय सोसलंय वं त्यांनी. गावातली एक पोरगी हुती. तिला शिकवायला ह्यांनीच पाठबळ दिलं. ती पुन्याला गेली आनि ह्यांना इसरली. तवाधरनं लगीनच नगं म्हनत हुते. मला म्हनले, तू तशी वागू नगंस."

मी खुर्ची ओढून बसले. गावात इतकी वर्षं खपवलेला माल आता वडूजला विकायला काढला होता, आणि तो माल मी होते. माझी फसवणूक झाली ती झाली. पण त्या फसवणुकीवर दुसऱ्या मुलीची दया मिळवायची, वर तिला माझ्या नावानं धाक घालायचा! साताऱ्यात माझी फी तात्यांच्या थापीतून आली होती. त्याचं पाठबळ म्हणजे वडूजची भजी.

"ऋतुजा, त्या पोरीचं नाव सांगितलं का त्यानं?"

"न्हाई."

"पूनम."

पलीकडून अगदी हळू, "म्हंजे... तुमीच व्हय त्या?"

"मीच."

मग मी सगळं सांगितलं. सेलमच्या मुलीशी फुटलेली सुपारी, ती का मोडली, माझा फोन, त्याचं उत्तर, पानटपरीवरचं अर्धं वाक्य. वाढवून काही सांगावं लागलं नाही. चांगलंही सांगितलं. कष्टाळू आहे, दारू पीत नाही, आईला जपतो. अर्धवट सांगायची पद्धत त्याची, माझी नव्हे.

ती म्हणाली, "तुमाला अजून राग हाय त्यांचा?"

"आहे. लय आहे. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यालाच विचार. फक्त एवढं विचार, की तू त्या पोरीसाठी थांबला होतास, तर विट्यात सुपारी कुणाची फुटली?"

"आनि त्यांनी खरं सांगितलं तर?"

"तर करून टाक लग्न. मी आहेर घेऊन येते."

हे मी मनापासून म्हटलं होतं, कारण तो खरं सांगणार नाही याची मला खात्री होती.

दोन दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. "म्याडम, पोरीनं इचारलं. त्यो 'खोटं हाय' म्हनला न्हाई. 'तुला कुनी सांगितलं?' म्हनला. फौजेत आमी एवढ्यावर मानूस ओळखायचो. नकार कळवलाय. शुक्रिया." त्याच संध्याकाळी सागरचा मेसेज आला: "समाधान झालं?" इतक्या वर्षांत त्याच्याकडून आलेला हा पहिलाच मेसेज, ज्यात गुलाब नव्हता. मी उत्तर दिलं, "हो."

आणि झालंच होतं. मोठं मन दाखवायला मला जमत नाही. ते दाखवावं असा आग्रह नेहमी ज्याचं मोडलंय त्यालाच का होतो, हेही मला कळलेलं नाही. त्या रविवारी मी स्वतःला एक इरकल साडी घेतली आणि यात्रेला तीच नेसून गावी गेले.

तात्यांचं काम तोवर सुटलं होतं. आईनं सांगितलं होतं तसंच झालं. मी पोचले त्याच सकाळी शालनकाकी आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली, यात्रेचे पाहुणे धरून. "माज्या लेकराचं लगीन मोडलंस गं भवाने! काय मिळालं तुला?" मी पुढं होणार होते, पण तात्यांनी हातानं मागं सारलं. ते कट्ट्यावर बसून चहा पीत होते. पेला खाली ठेवला.

"काकी, माजी पोरगी खोटं बोलली आसंल तर हितं समद्यांच्या म्होरं सांगा. मी तिला आत्ता तुमच्या पाया पडाय लावतो. खरं बोलली आसंल तर बसा, च्या घ्या."

"खरं-खोटं कोन बगतंय! गावच्या पोराचं गावच्या पोरीनं सांगावं व्हय असं?"

एवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडून रखमावहिनींचं डोकं वर आलं. "आवं काकी, पन सुपारी फुटलीवती की वं विट्यात. टेम्पो भरून गेलतो आमी. जिलबी खाऊन आमच्या ह्यांचं पोट बिघडलं हुतं, इसरला व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्या कुणीतरी. शालनकाकींनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा माझ्या साडीकडं, आणि पदर झटकून गेल्या. मी मात्र रखमावहिनींकडं बघत राहिले. टेम्पो भरून माणसं त्या सुपारीला जेवून आली होती. त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं कुणी कुणाला सोडलं ते. तरीही इतकी वर्षं गिरणीत, नळावर सगळे मान डोलवत होते. माझा राग सागरवरचा तेवढा त्या दिवशी फिटला. टेम्पोवरचा अजून फिटायचाय, आणि हे लिहिणं त्यासाठीच आहे. वाचा, आणि जिलबी आठवा.

गावात मागं राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या हॉस्टेलवर, रूमवर, परराज्यात गेलेल्या पोरींनो: लांब राहून प्रेम ओसरतं, त्याला इलाज नाही. कुणाचं तुमच्याकडून ओसरेल, कुणाचं त्याच्याकडून. त्याचं दुःख करा, रडा, चार दिवस जेवू नका. पण कुणी कुणाला सोडलं हे दुसऱ्याला सांगू देऊ नका.

तात्यांना आता आटपाडीत काम मिळालंय, एका शाळेच्या कंपाउंडचं. रोज सायकलवर जातात आणि आईजवळ कुरकुरतात की भिंतीला आतून मुलं रेघा मारतात. म्हणजे मजेत आहेत. मी पुण्यातच आहे. गावाकडं परत राहायला जाईन असं वाटत नाही. आमच्या घरात आता मला पाहुण्यासारखं पाटावर वाढतात, आणि माझ्या कोनाड्यात आई हरभऱ्याची डाळ ठेवते. ते घर माझ्या राहण्याचं राहिलं नाही, याचं वाईट वाटायचं तेवढं वाटून झालं.

परवा लॅबमधल्या एकीनं माझ्यासाठी स्थळ सुचवलं. माणसं बरी वाटतात. "पण ते आधी गावात चौकशी करतील हं," ती जरा संकोचून म्हणाली. मी तिला गावाचं नाव सांगितलं, वस्तीचं सांगितलं, तात्यांचं पूर्ण नाव आणि फोन नंबर दिला, स्टँडवरून कसं जायचं तेही समजावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'सांगलीकडं' यापुढं एक शब्द बोलले. घर म्हणजे आता माझ्यापुरतं एवढंच आहे: जिथं माझ्याबद्दल विचारायला कुणीही जावं, आणि मी इथं निवांत झोपावं.